जसोदाबाईंनी ज्याला जिलेबी कबूल केली तो गमबूट

मी गमबूट बोलतोय. डाव्या पायाचा. पाय सांगितलेला बरा, कारण माझा जुळा भाऊ उजवा फार गंभीर स्वभावाचा आहे आणि पुढे जे घडलं त्यात आपलं नाव येऊ नये, अशी त्याची इच्छा आहे.

आम्ही दोघं शेजारशेजारच्या साच्यांतून जन्मलो, काळे कुळकुळीत, गुडघ्याला टेकणारे. एका दोरीने आमची मानगूट बांधली आणि आम्हाला शहादा तालुक्यात तापीकाठच्या पुठ्ठ्याच्या गिरणीत पाठवलं. तिथे उसाच्या चिपाडाचा लगदा व्हायचा, लगद्याचा पुठ्ठा व्हायचा. लगद्याच्या हौदापाशी गोपालभाई कामाला होते. त्यांनी माझ्यात पहिल्यांदा पाय घातला तेव्हाच मला कळलं, हा माणूस साधा आहे पण नखं कापत नाही.

बरीच वर्षं आम्ही लगदा तुडवला. मग एके दिवशी गिरणी बंद पडली. सगळे गेटवर जमले, बोलले, घरी गेले. गोपालभाई आम्हाला पायात घालूनच घरी आले. आम्ही न्हाणीच्या बाजूला पडून राहिलो. माझ्यात एक पाल राहायला आली. उजव्यात कोणी आलं नाही, याचं त्याला अजून वाईट वाटतं.

आमचे दिवस पालटले ते गोपालभाईंच्या साखरेमुळे. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला आणि गोड बंद करा. चालण्याची जबाबदारी लेकीने घेतली. भाविका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर रविवारी सकाळी ती गावातल्या लोकांना नदीकाठाने पक्षी दाखवायला नेते. गोड बंद करण्याची जबाबदारी घेतली जसोदाबाईंनी, म्हणजे गोपालभाईंच्या बायकोने. त्यांनी गुळाच्या डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली.

काठावर चिखल फार, म्हणून आम्हाला पुन्हा बाहेर काढलं. पालीला दुसरं घर बघावं लागलं.

काय सांगू, ते फिरणं मला आवडायला लागलं! गिरणीच्या धुराड्यावर आता पाणकावळे पंख पसरून बसतात. सिमेंटच्या हौदात कमळं आलीत. पंपघराच्या खिडकीतून खंड्या ये-जा करतो. भाविका हळू आवाजात सगळं समजावून सांगते. तिच्या मागे सुपडूभाऊ असतात. ते गोपालभाईंचे गिरणीतले जोडीदार. त्यांना सगळे पक्षी बगळेच वाटतात. खंड्या हा त्यांच्या मते निळा बगळा.

तर उन्हाळ्यातला एक रविवार. बंधाऱ्याचं पाणी उतरलं होतं आणि पंपघरापुढे गाळ उघडा पडला होता, वरून सुकलेला, आतून खिरीसारखा. गोपालभाईंना पलीकडे एक करकोचा दिसला. जसोदाबाई आणि बाकीचे मागे टिटवीची अंडी बघत होते. सगळ्यांच्या आधी आपण करकोचा बघावा, या हौसेने ते पुढे गेले आणि मी घोट्यापर्यंत रुतलो. त्यांनी पाय ओढला. पाय आला, मी राहिलो. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून असा हिसका दिला, की ते मागे पडले आणि मी त्यांच्या डोक्यावरून उडालो. खोल गाळात तोंड खाली, तळवा आकाशाकडे, असा जाऊन उभा रुतलो. करकोचा उडून गेला. त्याने असं काही आधी पाहिलं नसावं.

मला काढायला बांबू हवा म्हणून गोपालभाई उजव्याला हातात घेऊन गिरणीमागे गेले. तेवढ्यात मंडळी आली.

गाळातून वर आलेला माझा तळवा आधी सुपडूभाऊंनी पाहिला.

"ओ माय वं! गोपाल डोकावर गयना!"

गोपालभाई डोक्यावर उलटे गाळात गेले, असं समजून सगळे धावले. सुपडूभाऊ पोटावर आडवे होऊन सरपटत माझ्यापर्यंत आले आणि माझ्या टाचेशी तोंड नेऊन ओरडले, "गोपाल, श्वास रोकी ठेव, भो!"

मी रोखून ठेवला. दुसरं काय करणार?

जसोदाबाई काठावर मटकन बसल्या. त्यांची नजर माझ्यावरच होती. इतक्या प्रेमाने माझ्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"भाविकाना बाप," त्या हुंदके देत म्हणाल्या, "तुमले जिलेबी खावानी शे ना? खा! रोज खा! मी कुलूप नही लावस. पन बाहेर निंघा!"

भाविकाने सुपडूभाऊंचे पाय धरले, तिला बाकीच्यांनी धरलं आणि ओढाओढ सुरू झाली. तेवढ्यात मागून गोपालभाई बांबू घेऊन आले. एवढी गर्दी बघून ते घाबरलेच.

"कोन फसनं रे?"

"गोपाल फसना," सुपडूभाऊ मागे न बघता म्हणाले.

"कोन्ता गोपाल?"

"आपला. जसोदाबाईना."

"आरे देवा!" गोपालभाईंनी टोपी काढली. "सकाळे ते चांगला व्हता!"

आणि डोळे पुसत त्यांनीही मदतीला बांबू पुढे केला.

भक्क असा आवाज झाला आणि मी बाहेर आलो. सुपडूभाऊंनी माझ्यात डोकावलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"भाविका, पाय बी नही शे यामा!"

"हाऊ ते मन्हा बूट शे," गोपालभाई म्हणाले.

जसोदाबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"कोठे व्हतात तुम्ही?"

"बांबू लेवाले गयथू."

त्यांनी सुपडूभाऊंच्या हातून मला घेतलं आणि गोपालभाईंच्या पाठीवर घातलं. एकदा, दोनदा, मग मोजायला मला सवड नव्हती. माझी टाच फाटली ती तेव्हा. मारता मारता त्या रडायला लागल्या, तसा मी त्यांच्या हातून गळून पडलो.

गोपालभाईंनी पाठ चोळली. मग त्यांनी हळूच विचारलं, "मंग जिलेबी रोज ना?"

जसोदाबाई रडता रडता हसल्या. गावापर्यंत त्यांनी नवऱ्याची बाही सोडली नाही, सगळ्या लोकांसमोर. त्या दिवशी त्यांनी एक जिलेबी आणली. अर्धी स्वतः खाल्ली.

टाच फाटल्यावर मी पायाच्या कामाचा राहिलो नाही. उजवा घरी छत्र्या सांभाळतो. मला भाविकाने पंपघराजवळच्या जुन्या खांबावर टांगलं आणि खाली पाटी लावली, 'पुढे गाळ आहे.' यंदा माझ्यात साळुंकीने काड्या भरल्या. आता तीन पिल्लं आहेत. दिवसभर चोची वासून मला आतून गुदगुल्या करतात. सुपडूभाऊ त्यांना छोटे बगळे म्हणतात. मी समजूत घालायचा प्रयत्न सोडून दिलाय.

तुम्ही या इकडे फिरायला. चिखलात सांभाळून चाला, माझ्यात डोकावू नका. आणि बोलायचं ते हळू बोला, पिल्लं आत्ताच कुठे झोपलीत.