आवाजातली भेसळ

१९९७ साल. माझं वय एकोणसाठ. फाल्गुनातल्या दुपारी घनसावंगीच्या एसटी स्टँडसमोर, टेलिफोन बूथच्या तापलेल्या काचेआड उभा राहून मी माझ्या लेकीचा आवाज ऐकत होतो. आणि तो तिचाच आहे हे कानाला पटत असताना मनाला मात्र पटत नव्हतं.

यमुना माझी धाकटी. तिचा आवाज म्हणजे तापल्या तव्यावर पडलेला थेंब. थेंब पडतो कधी आणि चर्र होतं कधी, यात अंतर ते नाहीच. गुरांना पाणी दाखवलं का, असं विचारायला मी तोंड उघडावं, तर 'गुरां' म्हणेपर्यंत तिचं 'दाखवलं' येऊन पडलेलं असायचं. तिची आई म्हणायची, पोरगी तुमचा प्रश्न तोंडातून ओढून काढते. मी वरून रागवायचो आणि आतून सुखावायचो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे शब्द मला पोथीनं दिले आणि पुढची अक्कल रानानं. रानानं शिकवलं ते एवढंच, की जे खरं असतं ते थांबत नाही आणि जे थांबतं त्याच्याकडे दोनदा बघावं.

आमच्या भागात कापसाचं संकरित बियाणं हातानं घडवतात. भाद्रपदाच्या उतरत्या उन्हात, उद्या उमलणारी कळी आजच ओळखायची, नखानं सोलून तिच्या पोटातले नराचे तुरे अलगद काढायचे, वर लाल कागदाची पिशवी चढवायची; आणि दुसऱ्या सकाळी दव उडालं की निवडलेल्या नराचं फूल तिच्यावर हलकेच फिरवायचं. यमुनेची बोटं त्या कामात अशी चालायची, जणू कळी स्वतःच उकलून तिच्या हाती येत होती. बायांची एक ओळ होईतो तिच्या दोन ओळी होत, आणि वर बडबड चालूच. मी त्या रानाचा पहारेकरी. ज्या झाडाचं पान जरा वेगळं, ज्या फुलाच्या पोटाशी नको तिथं लाल ठिपका, ते झाड मी मुळासकट उपटून बांधाबाहेर टाकायचो. एक जरी परकं झाड राहिलं तरी सगळं बियाणं बाद. म्हणून माझी नजर लहानपणापासून ठिपका शोधणारी. चांगलं पीक मला शेवटी दिसतं.

शेतकी कॉलेजातून शिष्यवृत्ती मिळवून ती बियाण्याचंच शिकायला हॉलंडच्या विद्यापीठात निघाली, तेव्हा मी तिला याच स्टँडवर सांगितलं होतं, "ज्या दिवशी तुझ्या बोलन्यात भेसळ वाटंल, त्या दिवशी शिकनं बंद. सामान बांधायचं अन् घरी."

तिचं 'बरं आबा' माझ्या 'घरी'च्या आधी आलं होतं.

मग पत्रं येऊ लागली. मी ती कुणाला वाचू देत नसे. ओसरीच्या उजेडात बोट फिरवत एकेक अक्षर स्वतःच लावायचो. तिथं म्हणे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. संध्याकाळी रस्त्यानं जाताना घराघरातली माणसं दिव्याखाली जेवताना दिसतात, आणि आपण बघितलं तरी त्यांना काही वाटत नाही. मी मनाशी म्हणालो, एवढं उघडं ठेवणाऱ्यांचं झाकलेलं काय असेल ते पाहिलं पाहिजे. दुपारी थंड पाव खातात. कुणाच्या घरी जायचं तर आठ दिवस आधी विचारतात, चहाबरोबर एक बिस्कीट देतात आणि डबा लावून टाकतात. शिकवणाऱ्या गुरुजींना नुसत्या नावानं हाक मारायची रीत. तिनं लिहिलं, माझी जीभ उचलली न्हाई आबा, आठ दिवस मी त्यांना हाकच मारली न्हाई. ते वाचून मला बरं वाटलं. पण पुढच्या पत्रात त्यांचं नाव नुसतंच आलं होतं, मागं 'सर' नव्हतं. त्या जागेवर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो. ठिपका तो हाच का?

ती बर्फात उभी असलेला फोटो आला. सगळं पांढरं, जणू वेचणी व्हायच्या आधीचं रान. मधे ती, लांब कोटात, हात खिशात. ज्या हातांवरून मी तिला शंभर बायांत ओळखलं असतं ते हातच फोटोत नव्हते. जाफराबादचे माझे मेव्हणे फोटो उन्हात धरून म्हणाले, दाजी, पोरगी शिकायला धाडली की पोचती केली? सगळे हसले. मीही हसलो, ते हसू माझ्या घशात अजून आहे.

आणि मग तो थांबा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी ती तिकडून बूथवर फोन करायची. दिवाळीपासून माझ्या ध्यानात आलं, की मी विचारलं 'जेवलीस का', तर तिकडे शांतता. एक श्वास आत घ्यावा आणि सोडावा, एवढीच. मग उत्तर. थंडी वाजते का? शांतता, मग 'न्हाई'. अभ्यास? शांतता, मग 'बराबर चाललाय'. जिच्या जिभेवर कधी धूळ बसली नाही ती माझी लेक आता शब्द निवडून बोलत होती. त्या एका श्वासाएवढ्या जागेत मला कुणीतरी बसलेलं दिसू लागलं: तिच्या शेजारी, खुर्चीवर, पाय लांब करून, आणि ती त्याच्याकडे बघून, त्याची मान हलली की मग मला उत्तर देते. त्याला चेहरा नव्हता, म्हणून तो मला रोज नवा दिसायचा. रानात, मोटरीपाशी, जेवताना मी तो थांबा मनात पुन्हा पुन्हा मोजला.

माघात तिचं पत्र आलं. उन्हाळ्यात येईन म्हणाली होती. आता तिथल्याच एका बियाण्याच्या मळ्यात काम शिकायला उन्हाळाभर राहू का, असं तिनं विचारलं होतं. फाल्गुनातल्या त्या रविवारी मी घरून ठरवूनच निघालो: आज शिकणं बंद.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पौषात कापसाच्या गाडीवरून पडून तिच्या आईच्या मांडीचं हाड मोडलं होतं, आणि ती तेव्हापासून बाजेवर होती. हे आम्ही यमुनेला कळवलं नव्हतं. दूरच्या माणसाला दुखणं कळवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तिला आम्ही खोटं म्हणत नाही. फोनवर आई का येत नाही असं तिनं विचारलं की मी म्हणायचो, मळ्यात गेली.

त्या दिवशी तिनं 'आबा' म्हणताच मी विचारलं, "तुझ्या बाजूला कोन हाय?"

शांतता. मग, "कोनी न्हाई. एकलीच हाय."

"मंग दर खेपी कोनाला इचारून बोलतीस?"

पुन्हा तीच जागा, तोच श्वास. आणि मग जो आवाज आला तो कित्येक महिन्यांनी तव्यावरचा होता. "मी? आबा, थांबता तर तुम्ही. आई कुठंय म्हनलं की गप होता, अन् मंग मळ्यात म्हनता. मला वाटतं काका बाजूला उभं राहून तुम्हाला शिकवून राह्यले. तीन महिने माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. आई हाय ना?"

मी 'हाय' म्हणालो. थांबलो नाही, तिच्या प्रश्नाच्या मागोमाग माझा शब्द निघाला, याला माझाच मी साक्षी. तरी तो तिच्यापर्यंत पोचण्याआधीच तिचं दुसऱ्यांदा, फुटलेलं, "हाय ना, आबा?" माझ्या कानात आलं. माझा शब्द वाटेत होता. अजून वाटेतच होता.

मी काचेबाहेर बघितलं. बूथवाला रशीदभाई स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. "पाटील," तो म्हणाला, "आवाज वर आभाळात जाऊन मंग खाली येतो. माझा भाई सौदीला हाय, त्याचं बी असंच. तिकडून जल्दी निघतो, इकडं देरीनं पोचतो. चार-पाच महिने काचेतून माझ्याकडं डोळे वटारून राह्यले, एकदा इचारायचं तर."

रशीदभाईच्या आभाळावर मी विश्वास ठेवला असता असं नाही. पण मी थांबलो नव्हतो, हे मला ठाऊक होतं. आणि आम्हा दोघांत खोटं कोण बोलत होतं, हेही मलाच ठाऊक होतं. ज्या रानात मी महिनोन्महिने तिच्या ओळी तपासत फिरलो, तिथं लाल ठिपक्याचं झाड एकच होतं आणि ते माझ्या ओळीत उभं होतं.

"आईच्या मांडीचं हाड मोडलंय," मी म्हणालो. "जुळून राह्यलंय. उद्या सकाळी तुमच्याकडं उजाडलं की फोन लाव. तिला आनतो."

मग मी त्या शांततेत उभा राहिलो, आणि पहिल्यांदाच ती मोजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलगाडीत हातभर कापूस पसरला, त्यावर तिच्या आईला निजवलं आणि पांदीच्या गाडीवाटेनं बैलांना चालण्याइतकंच चालू दिलं. वाटेत तिला बजावलं, पोरगी येते म्हणेल, तिला येऊ नको म्हण, उन्हाळा तिथंच काढ म्हण. ती म्हणाली, तुम्हीच सांगा की. मी कासरा ढिला सोडला. स्टँडवर रशीदभाईनं तार ओढून फोन गाडीच्या दांडीपर्यंत आणून दिला, आणि मी बैलांपाशी, लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. तिथून शब्द ऐकू येत नव्हते. एक म्हातारी बोलताना दिसत होती, मग थांबून वाट बघताना, मग हसताना. माणूस दूर गेलं की दोघांच्या मधे काळ येऊन बसतो. इतके दिवस त्याच काळाला मी परका पुरुष समजून शिव्या देत होतो.