गोणपाटाचा बोळा

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सध्या खांदेश्वरच्या एका भंगारवाल्याच्या टोपलीत पडले आहे. रडगाणे गायची मला हौस नाही, पण भगवानची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझे आयुष्य वाशीच्या घाऊक बाजारात, कांद्याच्या एका गाळ्यात गेले. कॅमेरे जे पाहत, ते मी रेकॉर्डरच्या पेटीत बसून साठवी. एकदा चोरीला गेलेली हातगाडी माझ्यामुळे सापडली, तेव्हा शेठनी पेटीला झेंडूचा हार घातला. मी केवढी फुशारून गेले होते!

पण धूळ आणि उकाड्याने मी थकले. पेटीत ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम असतो, तो माझ्याकडून काम करून घेतो. मी मध्येच अडकले की तो थोडा थांबे, पुन्हा विचारी, तरी मी गप्पच राहिले तर मला रिसेट करी, म्हणजे झटका देऊन नव्याने सुरू करी. मी पुन्हा कामाला लागे, पण मधले चित्रण कायमचे जाई. बिचारा तो तरी काय करणार? मला बदलणे माणसांच्या हातात होते. म्हणून तो दर वेळी पेटीची शिट्टी वाजवून त्यांना हाक मारी.

त्या शिट्टीचा सगळ्यांना वैताग. गाळ्याचा हिशेब लिहिणारा मेहताजी विश्वजित एका दुपारी गाळ्यावरच्या उंचापुऱ्या हमालाला म्हणाला, "भगवानभाऊ, तुमचा हात पोचतो वर. बंद करा ना ती कटकट!"

"पर ती वरडती कशापायी?"

"रेकॉर्डिंग चालू आहे ना? मग टेन्शन नाय."

भगवानने फाटक्या गोणपाटाचा बोळा केला आणि शिट्टीच्या भोकात कोंबला. गाळ्यात शांतता झाली. मी आत गुदमरत राहिले.

पुढे एकदा भगवान गोणी घेऊन निघाला असताना एक टेम्पो हॉर्न न देता मागे आला. नेमकी तेव्हाच मी अडकले. भगवानचा पाय कापावा लागला. टेम्पोवाला म्हणाला, हमाल स्वतःच घसरून चाकाखाली आला. आता भरपाई मिळणार की नाही, ते माझ्यावर होते.

भगवान कुबड्या घेऊन आला, सोबत त्याची बायको सुंदराबाई. शेठनी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने त्या दिवसाचे चित्रण लावले. पडद्यावर गोणी घेतलेला भगवान दिसला आणि लगेच चाकाखालचा.

"साहेब, मधलं कुठं गेलं?" सुंदराबाईने विचारले.

"ते गेलं, मावशी," दुरुस्तीवाला म्हणाला. "डिस्क कधीचीच खराब आहे. पेटी शिट्टी मारून सांगते. ऐकली नाय कोणी?"

"आन् मग कुनालाच ऐकू का न्हाय आली?"

विश्वजित मोबाइलमध्ये बघू लागला. दुरुस्तीवाल्याने मला काढले आणि नवी डिस्क बसवली. बोळा तसाच राहिला.

मित्रांनो, यंत्र चालू आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ते ओरडत असेल तर त्याचे तोंड बंद करण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा.

त्या दिवशी भगवान पडद्याकडे पाहतच नव्हता. तो वर पेटीकडे बघत होता.

"तेवढा बोळा काढा, साहेब," तो म्हणाला. "माझा हात पोचत नाय आता."