घरातला रकाना

पत्र आप्पांच्या नावानं आलं होतं. श्री. देवगोंडा बाबगोंडा मगदूम, शुक्रवार पेठ. आप्पांना जाऊन अडीच महिने झाले होते. पण दवाखान्याच्या यादीत नाव होतं तसंच होतं आणि छापील पत्रं यादीवरून निघतात. मऊ सँडलचा अभ्यास डिसेंबरअखेर संपतो आहे, तरी सर्व वह्या आणि सँडलचा जोड कोणत्याही गुरुवारी आणून द्यावा, असा मजकूर होता. खाली पेनानं दोन ओळी लिहिल्या होत्या. 'भाग्यश्रीताई, वह्या तुमच्यापाशी असतील. घाई नाही. – संघप्रिया.'

भाग्यश्रीनं, त्यांच्या मुलीनं, ते पत्र लायब्ररीतल्या कार्डासारखं उभं धरून दोनदा वाचलं आणि फळीवर ठेवलं. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. बावीस वर्षं तिनं पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारले होते. घरी आल्यावर बोलायला आता कुणी नव्हतं. दोन माणसांच्या आमटीचं माप हाताला बसलेलं. ती तेवढीच करी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली गरम करून खाई.

वह्या कपाटात होत्या. तीन-तीन महिन्यांची एक, अशा सात. त्यांत काय आहे ते तिला माहीत होतं, म्हणूनच ती त्या काढत नव्हती.

अभ्यास साधा होता. मधुमेहानं तळपाय बधिर होतो. खडा रुतला तरी कळत नाही, जखम आतल्या आत चिघळते आणि शेवटी पाय कापायची पाळी येते. मऊ काळ्या रबराची, खाली कडक तळ असलेली सँडल बाहेर आणि घरातही सतत घातली, तर किती जखमा टळतात, हे डॉ. संघप्रिया कांबळे यांना बघायचं होतं. साठ रोगी घेतले होते. प्रत्येकाला एक जोड आणि रोज टिक करायची वही. दर दिवसाला दोन रकाने होते, एक 'बाहेर' आणि एक 'घरात'.

पहिल्या दिवशी, अठ्ठ्याण्णवच्या जुलैत, डॉक्टरांनी आप्पांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा जाड दोरा तळपायाला टेकवला होता. जाणवलं की हो म्हणायचं. आप्पा दहा वेळा हो म्हणाले.

"काका, चार वेळा मी दोरा लावलाच नव्हता," डॉक्टर म्हणाल्या.

"लावताना तुम्ही श्वास धरता," आप्पा म्हणाले. "त्याच्यावर चाललंवतं माझं. चार ठिकाणी चुकलो म्हणा की."

डॉक्टर हसल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं की ह्या माणसाला एकही स्पर्श कळलेला नाही. त्या पुढं हसल्या नाहीत.

आप्पा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. ओतीव भाग करायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करतात, ते काम. अर्ध्या मिलीमीटरची चूकही त्यांना बोटानं कळायची. शाईच्या चटईवर उभं करून त्यांच्या पावलांचे ठसे घेतले तेव्हा त्यांनी तो कागद उजेडाला धरला. टाच आणि अंगठ्याचं मूळ गडद काळं उठलं होतं, तिथं भार जास्त. सँडल करणारा सयाजी कोपऱ्यात रबर कापत बसला होता. आप्पा त्याच्याजवळ जाऊन बसले आणि टाचेखाली रबर किती खोल घ्यावं यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला. सयाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की हे पावणं रोगी हायत का माझं साहेब. आप्पांना ते फार आवडलं. घरी येईस्तोवर तीनदा त्यांनी ते सांगितलं.

जोड सुरेख झाला होता. आप्पांनी तो उंबऱ्याबाहेर भिंतीला लावून, टाचा जुळवून काढून ठेवला आणि अनवाणी आत आले.

"आप्पा, घरातबी घालायची आहे," ती म्हणाली.

"घरात पायताण?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुझ्या आईनं पुसलेली फरशी हाय ही, भागू. रस्त्यावरचं तिच्यावर न्हाय आणायचो मी."

आई, राजमती, जाऊन सात वर्षं झाली होती. फरशी भाग्यश्री पुसत होती. पण आईची रीत घरात होती तशीच होती. बाहेरून आल्यावर पाय धुवायचे, मग आत यायचं. भाग्यश्री आठ दिवस सांगत राहिली, रुसून पाहिलं, बोलणंही टाकलं. मग तिनं सोडून दिलं. रात्री झोपताना ती त्यांचे तळवे बॅटरीनं तपासी, तेवढं ते करू देत.

वही आप्पा स्वतः भरत. सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं, 'बाहेर'च्या रकान्यात, एकसारख्या टिका. 'घरात'चा रकाना कोरा. खोटं लिहायचं नाही म्हणून कोरा. महिन्यानं तपासणीला गेल्यावर नर्स कुणाला तरी सांगत होती, की जे नीट घालत नाहीत त्यांची नावं यादीतून काढणार आहेत. यादीत असल्यामुळंच तर दर महिन्याला डॉक्टर पाय निरखून बघत होत्या. भाग्यश्रीनं बाकावर बसल्या बसल्या पर्समधलं निळं पेन काढलं आणि तीस कोरे चौकोन एका दमात भरले.

आप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी पाहिलं. म्हणाले, "मी लिवणार न्हाय. तू लिवलंस, तर तुझं तू बघ."

पुढं ती दर महिन्याला तसंच करीत गेली. सवय झाली. जे पुस्तक फळीवर नाही त्याचं कार्ड ती ग्रंथालयात एक दिवसही ठेवत नसे, आणि घरी मात्र ही अशी कार्डं ती नेमानं लिहीत होती.

मग दोन हजार सालचा जानेवारी. परसात बंब पेटवताना निखारा खाली पडला आणि आप्पा त्याच्यावर उभे राहिले. भाग्यश्रीला करपल्याचा वास आला. ती चुलीपाशी धावली, दूध जागच्या जागी होतं. तिनं मागं वळून पाहिलं तर आप्पा तिला विचारत होते, काय करपतंय गं?

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सँडल होती का? आंघोळीला निघाले होते म्हणून काढली होती, असं भाग्यश्रीनं सांगितलं. आप्पा भिंतीकडं बघत राहिले. टाच सहा महिने बरी होतेय असं वाटत राहिली, मग हाडात गेली. ऑगस्टमध्ये गुडघ्याखाली पाय काढला. अकराव्या दिवशी आप्पा गेले.

वह्या तिनं शेवटी काढल्या त्या दिवाळी उलटल्यावर, एका रविवारी दुपारी. शेजारच्या घरात टीव्हीवर मॅच चालू होती. तिच्या मनात पक्कं होतं, ह्या वह्या अशा द्यायच्या नाहीत. कारण ह्या वह्या सांगत होत्या, की देवगोंडा मगदूम यांनी अठरा महिने रोज घरात सँडल घातली आणि तरी त्यांचा पाय गेला. म्हणजे सँडल कुचकामी. पण खरं सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं, की मला माहीत होतं. मी घरातच होते. आणि आप्पांच्या टिकांशेजारी माझ्या टिका मी केल्या. वह्या हरवल्या म्हणूनही सांगता येईल. तो विचार तिच्या मनात आला आणि बराच वेळ बसून राहिला.

तिनं पट्टी घेतली, पेन घेतलं, आणि पहिल्या वहीपासून 'घरात'च्या निळ्या टिका एकेक खोडायला लागली. एकच आडवी रेघ मारून सगळा रकाना उडवता आला असता. ते तिला बरं वाटेना. ज्या एकेक केल्या त्या एकेक खोडायच्या.

पाचव्या वहीत, नव्याण्णवच्या सप्टेंबरात, तिचा हात थांबला. चौदा तारखेची 'घरात'ची टीक निळी नव्हती. पेन्सिलीची होती. चपट्या पेन्सिलीची, थोडी दाबून केलेली.

तो आठवडा तिला आठवला तो अर्धवटच. तिला मलेरियाचा ताप होता, एकशे चारपर्यंत चढलेला. डोळे उघडले तेव्हा आप्पा पेजेची वाटी घेऊन खाटेपाशी उभे होते आणि त्यांच्या पायांत सँडल होती. न्हाणीपासून खाटेपर्यंत फरशीवर सँडलचे ओले ठसे उमटले होते. त्यांनी आधी तळ साबणानं धुऊन घेतले होते. ती काहीतरी बोलली असावी, कारण ते म्हणाले होते, "घातली बघ. आता पी." बरी झाल्यावर तिला ते तापातलं वाटलं. सँडल उंबऱ्याबाहेर होती, आप्पा अनवाणी होते, आणि त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. महिनाअखेरीला बाकीचे चौकोन भरताना हा आधीच भरलेला आहे हे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.

तो चौकोन तिनं तसाच ठेवला. मग पुढच्या दिवसापासून परत खोडायला लागली.

गुरुवारी ती गेली. सयाजीनं पिशवीतून जोड काढला, उलटा केला, सुलटा केला, आतल्या रबरावर अंगठा दाबला.

"अठरा म्हयनं?" तो म्हणाला. "ताई, रोज दिवसभर घातला असता तर हितं टाचंला खड्डा पडला असता. ह्यो फक्त बस्तीच्या देवदर्शनाला न् बाजाराला गेलेला जोड हाय."

"हो," ती म्हणाली.

"मला ठाव हुतं. समद्यांचं असंच येतंय. मी पयल्यांदाच म्हणलोतो, दोन जोड द्या, येक घरातला, येक भायेरचा. घरातला जोड कदी रस्ता बघायचा न्हाय, मग कोण न्हाय म्हणंल? पर कागदावर येकच हुता." त्यानं जोड खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेबास्नी इचारायला पायजे हुतं मी. त्यांनी घातला असता."

भाग्यश्रीला ते पटलं. आप्पांनी घातला असता. सँडलला त्यांची ना नव्हतीच. तळ धुऊन त्यांनी एकदा तसा घातलाही होता. तेव्हा तिनं विचारायला हवं होतं, पण ती तापात होती आणि नंतर तिनं ते स्वप्नात जमा केलं.

डॉक्टरांनी वह्या चाळल्या. भाग्यश्रीनं सगळं सांगितलं. नर्सचं बोलणं, निळं पेन, निखारा, आंघोळीची थाप. आवाज एकसारखा ठेवून, पाठ केल्यासारखं सांगितलं.

"एक्केचाळीस जणांच्या वह्या परत आल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "एक्केचाळीसही जणांचे 'घरात'चे रकाने भरलेले. जखमा मात्र होत्या तेवढ्याच. सँडलचा उपयोग होत नाही, असं मी लिहायला बसले होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "यादीतून नावं काढणार, असं कुणी म्हणायला नको होतं. मी तरी घरी येऊन बघायला हवं होतं. आमच्या घरात माझी आई मला चपला घालून आत येऊ देत नाही."

भाग्यश्रीनं मान हलवली. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडू आलं नाही.

डॉक्टर पुन्हा पानं उलटत होत्या. पाचव्या वहीत थांबल्या. "ही एक खोडायची राहिली."

"नाही," भाग्यश्री म्हणाली. "ती त्यांची आहे. त्या दिवशी त्यांनी घातली होती."

"नक्की?"

"ते पेन्सिलीनं लिहायचे."

टेबलावर मोठा तक्ता पसरलेला होता. मगदूम यांच्या नावापुढं 'घरात'खाली दर महिन्याच्या तपासणीतून जमलेला पाचशे चौतीस हा आकडा होता. डॉक्टरांनी तो खोडला आणि बाजूला 'एक' लिहिला. आकडा फारच लहान दिसत होता. भाग्यश्री तो खुर्चीवरून उलटा वाचत राहिली. मग तिनं रिकामी पिशवी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उठली.

घरी पोचायला सहा वाजले. तिनं चपला उंबऱ्याबाहेर, भिंतीला लावून, टाचा जुळवून ठेवल्या. पाय धुतले. फरशी सकाळीच पुसलेली होती.