पिंपावरची सही

पत्रा ट्यूबलाइटखाली तिरपा धरून चित्रा पोंक्षे म्हणाली, "पाच आहेत साहेब. एक तर अगदी मधोमध."

वीतभर लांबीचा, गडद निळा रंग दिलेला पत्रा. त्यावर कारखान्यात बनवलेल्या ॲक्रिलिकचा पारदर्शक थर फवारून तो भट्टीत भाजला होता. थर काचेसारखा सपाट यायला हवा होता, आणि त्यात मोहरीएवढे खड्डे पडले होते. गाडीच्या बॉनेटवर असा एक खड्डा निघाला, तर मोटार कंपनी अख्खा माल परत पाठवणार होती.

"सलग तिसरा लॉट," प्लँट मॅनेजर गुरुदत्त रेगे म्हणाले. "हे तेल आहे. कुणाच्यातरी हाताचं तेल. धाकूला बोलवा."

१९९४ सालचा डिसेंबर होता. डोंबिवली एमआयडीसीतल्या या कारखान्याने चार वर्षं खपून पाण्यातलं ॲक्रिलिक बनवलं होतं. रिॲक्टरमधून ते दुधासारखं पांढरं निघे आणि पत्र्यावर वाळलं की नितळ होई. कृती केमिस्ट चित्राची, पण रिॲक्टर चालवायचा तो धाकूने. खाडीकडच्या कोळी वस्तीतला हा माणूस चौथी शिकलेला, एकोणीस वर्षं एकाच रिॲक्टरवर. काचेच्या खिडकीतून दुधावरची निळसर झाक बघून तो सांगायचा, "बाय, माल जरा दमानं सोडूया, तापलाय तो." मीटरचा काटा तेच सांगायला पाच मिनिटांनी वर चढायचा. कृतीच्या वहीत चित्राने कितीतरी आकडे धाकूचं ऐकून बदलले होते.

धाकू चिंधीला हात पुसत आला. केमिकलने त्याच्या तळव्यांना कायमच्या भेगा पडलेल्या.

"हाताला तेल लावतोस?" रेग्यांनी विचारलं.

"लावतो साहेब, खोबऱ्याचा. पन घरी गेल्यावर. कामावर साबनान हात धुवूनच येतो."

"आणि घरी मासळी साफ करतोस?"

"कोली हाय साहेब. मासली साफ नाय करनार, तं काय करनार?" धाकू हसला. बाकी कुणी हसलं नाही.

रेगे चित्राकडे वळले. "तेलानं असे खड्डे पडू शकतात ना, मॅडम?"

त्यांना रिपोर्टसाठी काहीतरी कारण हवं होतं, हे तिला कळत होतं. धाकू तिच्याकडे बघत होता, अगदी निर्धास्तपणे.

"पडू शकतात," ती म्हणाली.

त्यात खोटं काहीच नव्हतं. अठरा वर्षांच्या नोकरीत ती कधी खोटं बोलली नव्हती, त्या दिवशीही नाही.

चार दिवसांनी धाकूला कामावरून कमी केलं. 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे मालात तेल गेले. संबंधिताला काढण्यात आले आहे,' असा रिपोर्ट मोटार कंपनीला गेला. चौथा लॉट दौलत नावाच्या दुसऱ्या ऑपरेटरने काढला आणि त्याचा पत्रा आरशासारखा निघाला. कंपनीने माल मंजूर केला. पेढे वाटले गेले. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "हात बदलला नि माल सुधारला." धाकूच्या वस्तीतली तिघंजणं कारखान्यात होती. हे वाक्य त्याच संध्याकाळी खाडीवर पोचलं.

जानेवारी संपता संपता चित्रा गोदामात रिकामी पिंपं तपासत होती. एका पिंपावर तिची सही होती. रिॲक्टरमध्ये ढवळताना फेस होतो, तो मोडायचं औषध त्यात आलेलं, नव्या व्यापाऱ्याकडून. तिने लॉटची वही काढून ताडून पाहिलं. ते पिंप पहिल्या लॉटला उघडलं होतं आणि तिसऱ्याला संपलं होतं. चौथ्यासाठी जुन्याच व्यापाऱ्याचा माल आला होता.

नवं पिंप आलं की त्यातलं थेंबभर मालात घालून आधी पत्रा भाजून बघायचा, हा नियम तिनेच घातलेला. त्या दिवशी मात्र घरून, नौपाड्याहून, शेजाऱ्यांचा फोन आला होता की भाऊ, म्हणजे तिचे वडील, न्हाणीघरात पडलेत. ती पिंपावर 'पास' लिहून, सही करून धावत सुटली होती. पुढे इस्पितळ, प्लास्टर, रजा. पत्रा भाजायचा राहिला तो राहिलाच.

तिने पिंपाचा तळ खरवडून एक थेंब चांगल्या मालात घातला. पत्रा भाजला. अकरा खड्डे पडले. तिने दोनदा मोजले.

रेग्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. उठून केबिनचं दार लावलं.

"आता हे कंपनीला कळवायचं म्हणजे सगळी मंजुरी पहिल्यापासून. औषधाची पिंपं न तपासता वापरतो म्हटल्यावर आपल्याला दारात तरी उभं करतील का ते? दीडशे माणसं आहेत इथे, चित्राबाई."

"कंपनीला नका कळवू. पण धाकूला परत घ्या."

"काय म्हणून घेऊ? काढलाय म्हणून लिहून दिलंय आपण." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि सही तुमची आहे. तुम्हाला वाचवायला म्हणूनच सांगतोय."

ती लॅबमध्ये परत आली आणि तो पत्रा खणात, कागदांच्या खाली सरकवला. फेब्रुवारी तसाच गेला. भाऊंचं प्लास्टर निघालं, पण ते काही उठले नाहीत. सकाळी त्यांचं अंग पुसून, त्यांना भरवून ती निघायची. धाकूचा विचार आला की आधी भाऊ आठवायचे. हा आडोसा आपल्याला बरा वाटतोय, हेही तिला कळत होतं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ती खाडीवर गेली.

धाकूची बायको जनाबाई दारात सुकट निवडत होती. तिने चित्राला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. "ये गो बाय," म्हणून पाट दिला आणि आत बघत हळूच म्हणाली, "तो कुनाशी बोलत नाय. होरीवर जात नाय, जाल्याला हात लावीत नाय. म्हंतो, माज्या हातान नासतंय सगला. दिवसातनं धा वेला धुन्याच्या सोड्यान हात धुतो."

धाकू आतून आला आणि भिंतीला टेकून बसला. तळवे सोलल्यासारखे लाल झालेले. चित्राला दुसरीकडे बघावंसं वाटलं. तिने नजर वळवली नाही.

पिंप, फोन, सही, अकरा खड्डे, सगळं तिने सांगितलं. मध्ये रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. बाजारात भाव सांगावा तसा आवाज निघत होता.



"मंजी मी नाय," धाकू म्हणाला.

"नाही, धाकूभाऊ. तुम्ही नाही."

"सायबांना सांगलास?"

"सांगितलं."

"काय बोलले?"

"रिपोर्ट गेलाय म्हणाले."

धाकूने तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "तीन महिनं या हातांना शिव्या देतंय मी. आता कोनाला देऊ?"

"मला द्या. मी लिहून देते. कंपनीला पत्र पाठवते, माझ्या सहीनं."

"देशील?"

टोमणा नव्हता तो. रिॲक्टरपाशी उभा राहून 'सोडू का?' विचारायचा, तसंच त्याने विचारलं होतं. चित्राने तोंड उघडलं. नौपाड्याची खोली, खाटेवरचे भाऊ, तिची वाट बघत दाराकडे लागलेले डोळे, सगळं पुढ्यात उभं राहिलं आणि 'हो' काही बाहेर पडलं नाही. ते पत्र तिने पुढेही कधी लिहिलं नाही. ती लिहिणार नाही, हे त्या घरात त्याच क्षणी तिघांनाही कळलं.

धाकूने मान हलवली. "मग मना सांगाया कशाला आलीस, बाय? तुजा भार हलका झाला, एवढाच."

तो उठला. आत जाता जाता बायकोला म्हणाला, "भरती लागलेय. वाट बुडंल. तिला नाक्यापर्यंत सोडून ये."

जनाबाईने नऊवारीचा ओचा वर खोचला आणि पुढे झाली. बांधावर जागोजाग चिखल होता. निसरडं आलं की ती न बोलता हात मागे करायची, चित्रा तो धरायची, आणि कोरडं आलं की दोघी सोडायच्या. नाक्यावर रिक्षा उभी होती. चित्रा आत बसली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती वळली, तर जनाबाई तिच्याकडे बघतच नव्हती. ती वाकून रिक्षावाल्याला सांगत होती,

"ठेसनावर सोड. खड्ड्यांतनं जरा सांबालून ने रे. आमची पावनी हाय."