तीनपर्यंत घोटभरही नाही

बाटलीला बोलता येत नाही, असं तुम्ही धरून चालला असाल. धरा बापडे. मी स्टीलची पाण्याची बाटली, नगरला लिडियाच्या ओट्यावर असते. आयुष्यभर तोंड मिटून राहिले. पण एका शुक्रवारी माझा जीव असा टांगणीला लागला होता, की तो दिवस सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या जन्माची कथा काही मोठी नाही. कुठल्याशा कारखान्यात पत्रा दाबला, गोल केला, बूड बसवलं आणि पिशवीत घातलं. कापडबाजारातल्या दुकानात लिडियानं मला ठोकून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आत नाक घालून हुंगलं. दुकानदार वैतागला. मला मात्र बरं वाटलं. एवढं निरखून घेणारी बाई टाकून देत नाही.

तिचा नवरा कृपादान एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. उभा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला. गाड्या गावोगाव गेल्या, हा आपला डेपोतच राहिला. निवृत्त झाल्यावर त्यानं जाहीर केलं, की कन्याकुमारीहून नगरपर्यंत सायकलनं येणार. शेजारीपाजारी हसले. लिडिया हसली नाही. तिनं मला घासूनपुसून त्याच्या हवाली केलं आणि म्हणाली, "ही रिकामी ठिवायची न्हाई. तुमाला शुगर हाय, इसरू नका."

सायकलच्या दांडीला तारेची कडी होती, तीत माझा मुक्काम. दक्षिणेकडचं नाना चवींचं पाणी माझ्यात आलं. कृपादान मला हातभर उंच धरून वरून पाणी पितो, तोंड लावत नाही. आपल्याकडची ही सवयच. या सवयीनं पुढे काय घोटाळा केला, ते ऐका.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, घरी पोहोचायचं, असा त्याचा बेत होता. चर्चच्या मंडळीनं हार-बँड सगळं ठरवलं होतं. पण सोलापुरात त्याला तापानं गाठलं आणि तो अंथरुणाला खिळला. रविवार निघून गेला. ताप उतरताच पठ्ठ्या पुन्हा सायकलवर बसला. ते कळल्यावर लिडिया घराला कुलूप लावून स्कूटीवर थेट जामखेडला आली. डेपोतला त्याचा जुना जोडीदार कारभारी तिथं राहतो. त्याच्या ओसरीवर दोघं भेटली तेव्हा लिडियानं नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"उद्या गुड फ्रायडे हाय," ती म्हणाली. "उद्या हितंच थांबू. शनवारी जाऊ."

"न्हाई. तीनला सगळी मंडळी देवळात असत्यात. मला बी तिथं असायचंय."

"मग उपास करायचा न्हाई. पाळकसाहेबांना इचारलंय मी. आजारी माणसाला, प्रवाशाला माफ हाय."

"बरं," कृपादान म्हणाला.

लहानपणापासून गुड फ्रायडेला तीन वाजेपर्यंत, म्हणजे क्रूसावर प्रभूचा प्राण गेला त्या घटकेपर्यंत, हा माणूस पाण्याचा थेंब घेत नाही. डेपोतसुद्धा गाडीखाली झोपून, ओठ कोरडे ठेवून काम करायचा. तापातून उठवलं म्हणून या वर्षी तर देवाचं जास्तच देणं झालं होतं. लिडियानं 'बरं' ऐकलं आणि तिचा विश्वास बसला. इतक्या वर्षांच्या संसारातही बायकांना नवऱ्याच्या 'बरं'चा अर्थ कळत नाही, हे मला नवल वाटतं.

सकाळी तिनं स्वतःच्या हातानं त्याला शुगरची गोळी दिली. गोळी त्यानं नुसत्या थुंकीबरोबर गिळली. कारभारीच्या बायकोनं भाकरी वाढायला घेतली, तर म्हणाला, "बांधून द्या वहिनी, वाटंत खातो." पुढे रस्त्याकडेला शेळ्या चारणारी एक म्हातारी भेटली. लिडियाची स्कूटी मागे होती, तेवढ्यात भाकरीचं गाठोडं म्हातारीच्या पदरात गेलं.

आणि मी? दर थोड्या वेळानं तो मला उंच धरायचा, मान मागे टाकायचा आणि पाणी कपाळावर ओतायचा. मागून येणाऱ्या लिडियाला वाटायचं, पितोय. आष्टीला तिनं विचारलं, "खाल्लं का?" "व्हय, खाल्लं." मी रिकामी दिसले, तिला बरं वाटलं, तिनं मला पुन्हा भरलं. मी आतल्या आत खदखदत होते. अगं बाई, एक थेंब त्याच्या पोटात गेलेला नाही! पण सांगणार कशी?

कडा गाव सोडलं तसं ऊन डोक्यावर आलं. कृपादान आता मला हातही लावेना, कारण तेवढी ताकद उरली नव्हती. मी दांडीवर काठोकाठ भरलेली, आणि माझ्या वर त्याचा श्वास भात्यासारखा. त्याचा घाम थांबला होता. सकाळपासून माझ्यावर टपटप पडणारे थेंब पडेनासे झाले.

चिचोंडी पाटील गावाच्या पुढे सायकल रस्ताभर फिरायला लागली. एक ट्रक कर्कश हॉर्न देत अगदी जवळून गेला. लिडियानं ओरडून त्याला थांबवलं, स्कूटी तशीच सोडून धावली. तो एका बाभळीला टेकून खाली बसला. तिच्याकडे पाहून म्हणाला, "कारभारी, चौदाचा पाना दे रं."

 लिडियानं मला कडीतून उपसलं आणि तिचा हात खाली गेला, इतकी मी जड होते. कड्याला भरलेलं पाणी जसंच्या तसं. तिनं पिशवी उचकली. भाकरीचं फडकंही नव्हतं. तिला सगळं उमगलं.

डिकीतून ग्लुकोजचा पुडा काढून तिनं तो दातांनी फाडला. अर्धा रस्त्यावर सांडला, उरलेला माझ्यात ओतला आणि तिनं मला गदागदा हलवलं. मग तिनं माझं तोंड त्याच्या ओठांना लावलं. त्यानं ओठ मिटले.

"तीन वाजलं का?" त्यानं विचारलं.

दोनसुद्धा वाजले नव्हते. 'व्हय, वाजलं' एवढंच म्हणायचं होतं. म्हण ना गं, मी मनात ओरडत होते. आज खोटं बोललीस तरी देव रागावणार नाही. लिडियाचे ओठ हलले. पण त्या दिवशी त्या माणसाशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. आणि मग ती एकदम भडकली.

"न्हाई वाजलं! त्याला बी क्रूसावर तहान लागली हुती. अन् त्यानं ती चारचौघांत सांगितली. तुमी कोन टिकोजीराव लागून गेलात?"

कृपादान तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड उघडलं.

पहिला घोट बाहेर आला. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड लावून प्याला. लिडिया त्याच्या कपाळाकडे टक लावून बसली होती. मीही तिकडंच बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्याच्या भुवईवर घामाचा थेंब दिसला आणि लिडिया मोठ्यानं रडली.

"मोडला गं," तो पुटपुटला. त्याचेही डोळे भरले होते.

"मोडू द्या. उपास दरसाली येतो," ती नाक पुसत म्हणाली आणि तिनं त्याच्या हातात केळं ठेवलं.

ऊन कलेपर्यंत दोघं बाभळीखाली बसून राहिली. एक टेम्पोवाला थांबला, सायकल मागे टाकतो म्हणाला. लिडियानं नवऱ्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला, दोन पावलं चालून दाखवली. "हळू येऊ आमी," तिनं टेम्पोवाल्याला सांगितलं.

खरंच हळू गेलो. चढ आला की तो उतरून चालायचा आणि ती स्कूटी बंद करून त्याच्या बरोबरीनं ढकलत न्यायची. देवळाशी पोहोचलो तेव्हा तीन केव्हाच वाजून गेले होते. संध्याकाळची उपासना संपवून लोक बाहेर पडत होते. त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नाही. ना हार, ना टाळ्या. पाळकसाहेबांनी कृपादानच्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि ते पुढे गेले. कन्याकुमारीहून निघालेली सायकल अशी गुपचूप भिंतीला टेकली.

कृपादाननं मला नळाखाली भरलं. वाटलं, पुन्हा पिणार. पण त्यानं मला लिडियापुढे धरलं.

"तू कदी प्यालीस?"

 मी तिच्या ओठांकडे पाहिलं. दोन्हीकडे चिरा पडल्या होत्या. दिवसभर मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. तिनं मला चारदा भरलं, पण स्वतः एकदाही तोंडाला लावलं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला माफ हाय म्हनलीस, अन् तू?"

"मला कुठं शुगर हाय?" ती म्हणाली, आणि मला तोंड लावून एका दमात रिकामी केली.

आता माझ्या बुडाला पोचा आहे, झाकण सैल झालंय. ओट्यावर बसून असते, तक्रार नाही. तुम्हाला मागणं एकच. सायकलवाल्याला पाणी विचारणारे वाटेत पुष्कळ भेटतात. त्याच्या मागून स्कूटीवर येणारी बाई दिसली, तर तिलाही थांबवा. आणि ती 'प्याले' म्हणाली, तरी पाणी द्या.