उजवीकडचे चार खण

मित्रांनो, मी एक जुनी कार्डपेटी आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. एवढी भक्कम सागवानी पेटी आणि भित्री कशी, असे तुम्हाला वाटेल. माझी हकिगत ऐका, म्हणजे कळेल.

पुण्यात करीम मिस्त्री म्हणून एक कारागीर होते. त्यांनी मला घडवले. माणसाच्या छातीएवढी उंची, बत्तीस खण, प्रत्येक खणाला पितळी मूठ. मिस्त्री प्रत्येक खण दहादा आत-बाहेर सरकवून बघत. जरा कुठे अडला की रंधा घेऊन बसत. "यात माणसं राहणार आहेत, अडकायला नकोत," असे ते म्हणाले तेव्हा मला काही अर्थबोध झाला नाही. मला वाटले, मिस्त्री थट्टा करताहेत.

मग मला हातगाडीवर घालून चरित्रमंडळात आणले. नाव मोठे असले, तरी मंडळ म्हणजे कर्वेनगरच्या एका सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. तिथे लेखकांची आणि विचारवंतांची छोटी चरित्रे लिहून ठेवण्याचे काम चाले. एका माणसाला एकच कार्ड, पुढून आणि मागून. जन्म कुठे, शिक्षण किती, काय लिहिले, कोणता हट्ट आयुष्यभर सोडला नाही, सगळे तेवढ्यात बसवायचे. हे काम सुशीलाबाई करीत. पांढरी सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि तिखट जीभ. कुणी कार्डावर 'थोर विचारवंत' असे लिहिले की बाई 'थोर' खोडत. थोर आहेत म्हणूनच कार्ड केले, मग ते पुन्हा सांगून शाई कशाला घालवायची, असे त्यांचे म्हणणे.

माझ्या पोटात नाना तऱ्हेची माणसे राहायला आली. गिरणीत पाळी संपल्यावर व्याकरण लिहिणारे एक गृहस्थ होते. सासरी लपूनछपून वाचायला शिकलेल्या आणि पुढे तीन ग्रंथ लिहिणाऱ्या एक बाई होत्या. एक तत्त्वज्ञ तर असे, की स्वतःचेच पहिले पुस्तक चुकले म्हणून त्यांनी दुसरे लिहिले आणि मग दुसरेही चुकले म्हणून तिसरे. या सगळ्यांबरोबर राहून मी बरीच शहाणी झाले. धीट मात्र झाले नाही.

त्याचे कारण माझे उजवीकडचे चार खण. डावीकडच्या अठ्ठावीस खणांवर 'दिवंगत' अशी चिठ्ठी होती. उजवीकडच्या चारांवर होती 'हयात'. हयात माणसाच्या कार्डावर जन्मसालापुढे एक आडवी रेघ असे आणि त्या रेघेपुढे मोकळी जागा. ती मोकळी जागा मला बघवत नसे. सकाळी बाई हातात वर्तमानपत्र घेऊन आल्या आणि त्यांनी उजवीकडच्या मुठीला हात घातला, की मी समजायचे, कुणीतरी गेले. खण उघडताना मी कुरकुरायचे. लोक म्हणत, लाकूड फुगले आहे. लाकूडबिकूड काही नाही, मी घाबरलेली असायचे.

बाई वर्तमानपत्रावरही विश्वास टाकत नसत. त्या माणसाच्या घरी जाऊन येत, परगावचे असले तर पत्र लिहून खात्री करून घेत, मगच मोकळ्या जागेत साल लिहीत. कार्ड उजवीकडून डावीकडे जाई तेव्हा खोलीतली सगळी माणसे हातातले काम ठेवून उभी राहात. नंतर चहा होई आणि पुन्हा लेखण्या चालू लागत.

आणखी एक रिवाज होता. दर दिवाळीला उजवीकडच्या प्रत्येक माणसाला एक जोडकार्ड जाई. जोडकार्ड म्हणजे एकाला एक जोडलेली दोन पोस्टकार्डे, एकावर आपला मजकूर आणि दुसरे उत्तरासाठी कोरे. मजकूर ठरलेला असे. प्रकृती कशी आहे आणि नवे काही लिहिलेत का, एवढेच दोन प्रश्न. उत्तराचा अर्धा भाग परत आला की बाई तो कार्डाला टाचत आणि मला एक वर्ष शांत झोप लागे.

मग काळ बदलला. मंडळासमोरच्या रस्त्यावरून सकाळी हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या धावू लागल्या. बाईंचे गुडघे दुखू लागले. मंडळाचे नवे कार्यवाह रावसाहेब मोठे उत्साही गृहस्थ. त्यांना सगळे आधुनिक हवे होते. जोडकार्डे म्हणजे मागासलेपणा, आता कोण कुठे आहे ते इंटरनेटवर कळते, असे त्यांनी एका बैठकीत सांगितले. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला पत्रे गेली नाहीत. त्यानंतर कधीच गेली नाहीत. कोण कुठे आहे ते इंटरनेटवर बघायला मात्र कुणी बसले नाही.

दोन हजार साली ठरले की सगळी चरित्रे एका सीडीवर घालायची. ती चकती मी पाहिली. एवढीशी, पुरीसारखी. माझे बत्तीस खण तिच्यात मावणार होते आणि मग जागा अडवणारी ही पेटी कशाला, असे रावसाहेब हसत हसत म्हणाले. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

कार्डे संगणकावर उतरवायला दीपमाला आली. यवतमाळची मुलगी, चोवीस वर्षांची, कर्वेनगरातच तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. टायपिंग तर असे, की बघत राहावे. वर्षभरात नोकरी कायम झाली नाही तर परत ये, स्थळ बघून ठेवले आहे, असे तिच्या वडिलांनी बजावले होते. तिला परत जायचे नव्हते. सीडी झाली की कायम करू, असा रावसाहेबांनी शब्द दिला होता.

डावीकडचे अठ्ठावीस खण तिने सहा महिन्यांत उतरवले. मग उजवीकडचा पहिला खण उघडला आणि गाडी अडली. त्या प्रोग्रॅमला मृत्यूचे साल लागे. जागा मोकळी ठेवली की तो पुढे जायलाच तयार नसे. माणूस जिवंतही असू शकतो हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. प्रोग्रॅम लिहिणारा अभिनव हिंजवडीतल्या एका कंपनीत होता आणि मंडळाचे काम सुटीच्या दिवशी हौसेने करी. दीपमालाने त्याला फोन केला. सध्या चालू साल टाक, नंतर मी एका फटक्यात सगळी काढून टाकतो, असे त्याने सांगितले. तिने टाकले. त्रेचाळीस हयात माणसांपुढे दोन हजार साल पडले. प्रत्येक कार्ड ती माझ्यातून काढी, साल टाकी आणि परत ठेवी. मला ओरडून सांगायचे होते, पण पेटीला तोंड कुठे असते?

पंधरा दिवसांनी अभिनवला कंपनीने अमेरिकेला पाठवले. तो गेला तो गेलाच.

आता हे फक्त दोघींना ठाऊक होते, दीपमालाला आणि मला. तिला वाटले, अभिनव तिकडून काढेल. मग वाटले, प्रकाशनाआधी सांगू. सांगितले तर सीडी लांबणार, मग नोकरी लांबणार, मग यवतमाळ. ती माझ्याजवळ येई, 'हयात' या चिठ्ठीवर बोट ठेवी आणि परत जाई. त्या बोटाचा घाम चिठ्ठीला लागे. मित्रांनो, दोन भित्री एकत्र आली तर एक धीट होते, असे काही घडत नाही. आम्ही दोघी गप्प राहिलो आणि सीडीचे प्रकाशन झाले. हार झाले, पेढे झाले, शाळा-कॉलेजांना सीडी वाटल्या.

पुढच्या आठवड्यात रावसाहेबांनी बोलावलेले रद्दीवाले नागोराव पोती घेऊन आले. त्यांनी डावीकडच्या वरच्या ओळीपासून सुरुवात केली. खण ओढायचा, पोत्यात उलटा करायचा, परत सारायचा. गिरणीतले व्याकरणकार गेले. तीन पुस्तके लिहिणारे तत्त्वज्ञ गेले. सात खण रिकामे झाले आणि ते पोते टेम्पोत घालून पुढे रवानाही झाले. माझे काय व्हायचे ते होवो, पण त्रेचाळीस माणसे जिवंत आहेत हे जगात फक्त माझ्या चार खणांत लिहिलेले होते.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. एक वृद्ध बाई एका तरुणाचा हात धरून आत आल्या. त्या सुगराबी होत्या. वय चौऱ्याऐंशी, आयुष्यभर मराठीच्या शिक्षिका, बायकांच्या कष्टांवर लिहिलेले त्यांचे निबंध माझ्या उजवीकडच्या तिसऱ्या खणात नोंदलेले होते. बरोबर त्यांचा नातू शहाबाज होता. त्याने कॉलेजच्या संगणकावर मंडळाची सीडी घालून आजीचे नाव शोधले होते.

सुगराबी खुर्चीत बसल्या, दम घेतला आणि रावसाहेबांना म्हणाल्या, "साल दिलंत, पण तारीख दिली नाहीत. घरच्यांनी बरसी धरायची कधी?"

रावसाहेबांचा चेहरा उतरला. मशीनची काहीतरी चूक असेल, असे ते पुटपुटले. सुशीलाबाई काठी टेकत माझ्याकडे आल्या. डावीकडची वरची ओळ संपवून नागोराव उजवीकडे वळले होते आणि हाताशी आलेल्या तिसऱ्या खणाची मूठ त्यांनी धरली होती. खण अर्धा बाहेर आलेला, पोत्याचे तोंड उघडे.

"थांबा," दीपमाला म्हणाली. तिने खण दोन्ही हातांनी धरला. "यातली माणसं जिवंत आहेत. मीच त्यांना मारलं, बाई. सगळ्या त्रेचाळीस जणांना. मला माहीत होतं."

मग तिने रडत रडत सगळे सांगितले, प्रोग्रॅम, फोन, अमेरिका आणि यवतमाळसुद्धा. रावसाहेब काहीतरी बोलू लागले, तेव्हा सुशीलाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवले. मला वाटले, आता बाईंची जीभ सुटणार. पण बोलल्या त्या सुगराबी.

"पोरीला कशाला रडवता? तीन दिवाळ्या तुमचं पत्र आलं नाही. तेव्हाच माझ्या मनात आलं, की तुमच्या लेखी आपण गेलो. हिनं फक्त साल घातलं."

सुशीलाबाई माझ्या खणावर हात ठेवून उभ्या होत्या. पत्रे थांबली तेव्हा आपण बैठकीत होतो आणि गप्प बसलो, असे त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी सुगराबींची माफी मागितली. नागोरावांना परत पाठवले. गेलेले पोते शोधायला दीपमाला त्यांच्याबरोबर गोदामापर्यंत जाऊन आली, पण ते लगदा करायला कागदगिरणीत रवाना झाले होते. माझे डावीकडचे सात खण आजही मोकळे आहेत. ती माणसे आता त्या चकतीवरच काय ती आहेत.

त्याच आठवड्यात त्रेचाळीस जोडकार्डे गेली, माफीच्या चार ओळींसह. चाळीस उत्तरे आली. तिघे खरोखरच गेले होते, एक तर दीड वर्षापूर्वी, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. त्या तिघांची कार्डे डावीकडे गेली तेव्हा रावसाहेबही उभे राहिले. सीडी परत मागवल्या. दीपमालाची नोकरी राहिली. बाईंनी तिला कायम करताना एकच अट घातली, उजवीकडचे चार खण यापुढे तिने सांभाळायचे.

पुढच्या दिवाळीला चाळीस जोडकार्डे गेली. एकोणचाळीस उत्तरे आली. सुगराबींचे आले नाही.

एक आठवडा गेला, दोन गेले. दीपमाला रोज टपाल उलटसुलट करून बघे आणि माझ्याकडे बघायचे टाळे. शहाबाजच्या घरचा फोन लागत नव्हता. मी तिसरा खण आवळून धरला होता. तो कुणी उघडू नये, एवढेच मला वाटत होते. एका सकाळी दीपमाला आलीच नाही. ती दोन बस बदलून धायरीला सुगराबींच्या घरी गेली आहे, असे बाईंनी रावसाहेबांना सांगितले. बाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर पेन होते आणि त्याचे टोपण काढलेले नव्हते.

संध्याकाळी दीपमाला परतली. तिच्या हातात तेच जोडकार्ड होते, उत्तराचा भाग कोराच. माझ्या सांध्यासांध्यांतून कळ गेली.

"ओसरीत बसून मेथी निवडत होत्या," ती म्हणाली. "पत्र फडताळात ठेवलेलं होतं. मी विचारलं, उत्तर का नाही टाकलं? तर म्हणाल्या, उत्तर टाकलं की तुमचं काम होतं. माझं कुठे होतं? मला दुपारभर बसवून घेतलं, बाई. दोन भाकऱ्या खाऊ घातल्या."

सुशीलाबाई कितीतरी वेळ हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. कोरे कार्ड त्यांनी तसेच सुगराबींच्या कार्डाला टाचले. यापुढे सुगराबींना पत्र पाठवायचे नाही, दिवाळीला कुणीतरी जाऊनच यायचे, असे ठरले.

मित्रांनो, मी अजून भितेच. कुणी उजवीकडच्या मुठीला हात लावला की कुरकुरते. पण आता तुम्हाला एक मागणे मागते. तुमच्या आळीत, तुमच्या घरात कुणी लिहिणारे, विचार करणारे म्हातारे माणूस असेल, तर त्याची खबर कुणाकडून कळेल म्हणून वाट बघत बसू नका. त्याच्याकडे जा, घटकाभर बसा, नवे काही लिहिले का ते विचारा. ते गेल्यावर कार्ड लिहायला आम्ही आहोतच.