घरच्या शाळेची तपासणी

"सत्तावन्न," मुंगी म्हणाली.

"एकोणीस त्रिक सत्तावन्न. बरोबर," आजोबा म्हणाले, आणि त्यांचा संशय दुप्पट झाला.

उत्तर चुकलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. पण एकतीस वर्षं तपासणी नाक्यावर ट्रक अडवण्यात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ज्याचे कागद चोख, त्याची ताडपत्री आधी उचलायची.

मुंगी नऊ वर्षांची. त्यांची नात. दोन वर्षं ती शाळेत बाकाच्या कडेला बसली आणि प्रगतिपुस्तकावर 'शांत मुलगी' असा शेरा घेऊन आली. शांत म्हणजे इतकी, की हळूहळू घरीही बोलेनाशी झाली. तेव्हा सूनबाईंनी तिला घरीच शिकवायला घेतलं. सूनबाई शिवणकाम करायच्या. बाहेरच्या खोलीत दोन मशिनी, कापायचं टेबल, चिंध्यांचं पोतं, दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा; त्यातच शाळा. पाढे मशीनच्या पायडलवर, भूगोल इस्त्रीच्या वाफेत. आजोबांचं म्हणणं, ही शाळा नव्हे, ही पळवाट.

मुलगा बस चालवायचा. दोन्हीकडचं ऐकून तो थकला होता. सोमवारी सकाळी बूट घालता घालता म्हणाला, "बाबा, आठवडाभर तुम्हीच बघा. रविवारी सांगा. तुम्ही शाळा म्हणालात, तर पुढच्या सोमवारी शाळा."

सूनबाईंनी दाताने दोरा तोडला. मुंगी काहीच बोलली नाही. बोलली नाही म्हणजे तिला सगळं समजलं होतं.

आजोबा कामाला लागले. मंगळवारी त्यांनी निबंधाची वही उजेडात धरून पाहिली. खाडाखोड नव्हती, म्हणजे कुणीतरी सांगितलेलं उतरवलं असणार. मग विज्ञानाची वही पाहिली. खाडाखोड फार होती, म्हणजे काहीतरी दडवलेलं असणार. आजी डाळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पोरगी आहे ती, ट्रक नाही."

"ट्रकवालेही हेच म्हणायचे."

"ट्रकवाले म्हणायचे, मी पोरगी आहे?"

बुधवारी मात्र माल सापडला. गिऱ्हाइकांच्या मापांची वही मुंगीच्या अक्षरात होती, आणि बऱ्याच आकड्यांपुढे बारीक ठिपके होते. कुणापुढे एक, कुणापुढे दोन, शेजारच्या वकिलांच्या पोटापुढे तर चार.

"हे काय गं?"

"नक्षी," मुंगी म्हणाली आणि बटणं निवडू लागली.

नाक्यावर असली उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकली होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. संशयिताला विचारायचं नसतं, पकडायचं असतं.

शुक्रवारी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. अख्ख्या गल्लीला तोंड उघडायला लावणाऱ्या बाई, पण इथे पाऊल टाकताच अंग चोरून उभ्या राहिल्या. दवाखान्यातल्या पांढऱ्या कोटाची बटणं लागत नव्हती. नवा शिवायचा होता. मुंगीने स्टुलावर चढून छातीचं माप घेतलं, मग उतरून कमरेला टेप लावली. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पाहत होते. टेपचं टोक बेचाळिसावर टेकलं. स्वच्छ दिसलं.

"छत्तीस," मुंगी म्हणाली आणि वहीत लिहिलं.

"छत्तीस का, बरं," सूनबाई म्हणाल्या.

आजोबा उठले. "थांबा. बेचाळीस आहे. मी इथून पाहिलं. बेचाळीस."

मशीन थांबली. डॉक्टरीणबाईंनी पदर ओढून घ्यावा तशी हातातली पर्स पोटाशी धरली. "बेचाळीस?" त्या हळूच म्हणाल्या.

"बघ सूनबाई, ही तुझी शाळा. पोरीला आकडा वाचता येत नाही," म्हणत आजोबांनी पुराव्यासाठी वही उचलली. लिहिलं होतं छत्तीस. पुढे ठिपके तीन.

गणित त्यांचंही चांगलं होतं. ठिपक्याला दोन इंच, तीन ठिपक्यांचे सहा. छत्तीस आणि सहा. शेजारच्या वकिलांचं पोटही आता कळलं. पोरीने टेप बरोबर वाचली होती, मनातल्या मनात वजाबाकी केली होती, आणि बाईंना ऐकवायचं तेवढंच मोठ्याने म्हटलं होतं. आणि ते स्वतः मात्र बेचाळीस, बेचाळीस म्हणून दोनदा ओरडले होते.

डॉक्टरीणबाई दाराकडे पाहत होत्या.

"आजोबांना दिसत नाही नीट," मुंगी म्हणाली. परक्या माणसासमोर ती आपणहून बोलल्याचं आजोबांनी आजवर ऐकलं नव्हतं. "ते काहीही वाचतात. परवा उशीला मांजर समजून दूध पाजत होते."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. नाक्यावर त्यांच्या नजरेचा दबदबा होता. ट्रक फर्लांगभर लांब असतानाच ते नंबर सांगत. त्यांनी वही मिटली.

"मोतीबिंदू," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. परवाचं ते मांजर बिचारं प्यायलंच नाही."

"तरीच," डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. "बेचाळीस कसं असेल माझं?"

"कसं असेल," आजोबा म्हणाले.

"छत्तीसच धरा, पण थोडा मोकळा शिवा हं."

"आम्ही मोकळाच शिवतो," सूनबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मुंगी खुर्चीपाशी आली. "रागावलात?"

"एकच इंच जास्त असेल तर काय करता?"

"काही नाही. आई म्हणते, एक इंच माणसाला पचतो."

शनिवारपर्यंत बातमी दवाखान्यातून गल्लीभर झाली. दूधवाला त्यांच्याशी ओरडून बोलला, कारण ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही येत नसणार असं लोक धरूनच चालतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्यांच्या हातातला पेपर काढून घेऊन त्यांना मथळे वाचून दाखवले. आजोबांनी ते सगळे ऐकले. सकाळीच वाचून झाले होते.

रविवारी मुलाला सुट्टी होती. डॉक्टरीणबाई आत कोट घालून पाहत होत्या. मुलाने आवाज खाली आणून विचारलं, "मग बाबा? काय ठरवलंत?"

सूनबाईंची कात्री कापडात अडकल्यासारखी थांबली. मुंगी टेबलाच्या पायाला टेकून उभी होती.

"घरीच राहू दे तिला."

"नक्की? सोमवारी तर म्हणत होतात—"

"सोमवारी मला दिसत नव्हतं."

मुलगा गोंधळला. बाबांना आता दिसत नाही असं त्याने शनिवारी गल्लीत ऐकलं होतं, आणि इथे बाबा म्हणत होते की आधी दिसत नव्हतं. एवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कोटाची सगळी बटणं लागली होती आणि त्या जरा उंच दिसत होत्या. "अगदी मापात," त्या म्हणाल्या. मग आजोबांना चपला घालताना पाहून पुढे झाल्या. "बाहेर निघालात? एकटे? थांबा, मी रस्ता ओलांडून देते."

त्यांनी आजोबांचा कोपर धरला. रस्त्याच्या पार टोकाला एक बस वळत होती. आजोबांनी तिचा नंबर वाचला, पाटीही वाचली, आणि गप्प राहिले.

"आजोबा, पायरी," मुंगी धावत येऊन म्हणाली. तिने दुसरा हात धरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला लागली, "एक. आता दोन."

आजोबांनी पाऊल हवेत चाचपडत पुढे केलं, आणि ती म्हणेपर्यंत खाली ठेवलं नाही.